ऑर्डरप्रमाणे फर्निचर बनवणाऱ्या गाळ्यासाठी सॉफ्टवेअर : सुरुवात बिलापासून नको, कटिंग लिस्टपासून करा

सात-आठ माणसांचा गाळा, एक पॅनल सॉ (बोर्ड कापायचं मशीन), एक एजबँड मशीन (बोर्डाच्या कडेला पट्टी चिकटवणारं), महिन्याला पाच-सहा किचन आणि दहा-बारा कपाटं. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरचा विषय निघाला की पहिली मागणी हमखास बिलाची येते. तिथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. बिलं, जीएसटी आणि खतावणी यांसाठी टॅलीसारखी तयार साधनं आहेत आणि ती तुमच्या प्रोग्रामरपेक्षा चांगलं काम करतात. करांचे दर आणि नियम बदलतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये फर्निचरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इन्व्हॉइस लागू झालं. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहावी लागते. हे सगळं स्वतःच्या डोक्यावर घेण्यात शहाणपण नाही.

पैसा गळतो तो मापात, कटिंग लिस्टमध्ये (कोणता तुकडा किती मापाचा कापायचा त्या यादीत) आणि हार्डवेअरच्या यादीत. तुमच्या गाळ्याची पद्धत दुसऱ्या गाळ्यापेक्षा वेगळी असते तीही तिथेच. म्हणून स्वतःचं सॉफ्टवेअर तेवढ्याच भागासाठी करावं, बाकीचं बाजारातून घ्यावं.

आधी तपासा : खरंच नवीन बनवायला हवं का?

डिझाइन स्केचअपमध्ये होत असेल तर त्यात ओपनकटलिस्ट नावाचं मोफत एक्स्टेंशन चालतं. ते मॉडेलवरून पार्टची यादी आणि कटिंगचा आराखडा काढून देतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअरही मुक्तस्रोत आहे. साठा, खरेदी आणि ऑर्डर त्यात व्यवस्थित बसतात. अडचण एवढीच की अशा प्रणाली ‘एक वस्तू, तिची एक ठरलेली मालयादी’ हे गृहीत धरून चालतात. इथे प्रत्येक कपाट वेगळं, त्यामुळे प्रत्येक ऑर्डरला नवी यादी हाताने भरत बसावं लागतं. वस्तू थोड्या असतील आणि फक्त रंग बदलत असतील तर ईआरपीनेक्स्ट पुरेल. मापच दर वेळी बदलत असेल तर सूत्रांवर चालणारी स्वतःची प्रणाली हवी.

पहिला आठवडा : कोडची एक ओळही नको

पूर्ण झालेल्या शेवटच्या दहा ऑर्डरी काढा. प्रत्येकीचा एक गठ्ठा करा : साइटवर घेतलेली मापं, ग्राहकाला दिलेलं कोटेशन, मिस्त्रीच्या हातची कटिंग लिस्ट, प्लायवाल्याची आणि हार्डवेअरची बिलं, फिटिंगनंतरच्या तक्रारी. यातलं निम्मं व्हॉट्सॲपवर आणि उरलेलं मिस्त्रीच्या वहीत सापडेल. प्रत्येक गठ्ठ्यावर तीन आकडे लिहा : किती शीट धरल्या होत्या आणि किती लागल्या, हार्डवेअर आणायला किती वेळा जादा खेप पडली, आणि किती पार्ट पुन्हा कापावे लागले. सॉफ्टवेअरने काय सुधारायचं हे या आकड्यांवरून ठरतं. पुढे प्रोग्राम तपासायलाही हेच दहा गठ्ठे कामी येतात, तेव्हा ते टाकू नका.

मग मिस्त्रीसोबत बसा. ‘कपाट कसं बनवता?’ असं विचारलं तर उत्तर मिळणार नाही. जुनी कटिंग लिस्ट समोर ठेवून एकेका आकड्यावर बोट ठेवा : हा ८६४ कुठून आला? इथे दोन सूत (पाव इंच) का सोडले? त्याच्या हातात असलेले नियम असेच कागदावर येतात.

मापं : एकक, तीन जागा, आणि भिंतीचा तिरकेपणा

साइटवर टेप फूट-इंचात वाचला जातो, मिस्त्री सुतात बोलतो आणि मशीन मिलिमीटरवर चालतं. तिन्ही एककांत माप टाकता आलं पाहिजे, साठवायचं मात्र एकाच एककात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मि.मी. ‘३ फूट ४ इंच ३ सूत’ टाकलं की पडद्यावर लगेच १०२५.५ मि.मी. दिसायला हवं. माप घेणारा तो आकडा टेपच्या दुसऱ्या बाजूला ताडून पाहतो आणि घोटाळा तिथल्या तिथे उघडा पडतो.

डेटाबेसमध्ये लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या पूर्णांकात ठेवा, म्हणजे १०२५.५ साठी १०२५५. फ्लोटिंग पॉइंटमध्ये (संगणकाच्या अंदाजे दशांश प्रकारात) ठेवलीत तर गोळाबेरजेत कधीतरी ८६३.९९९९ येतं आणि तुलना फसते. रकमेलाही हाच नियम : रुपयांऐवजी पैशांत पूर्णांक, किंवा डेसिमल प्रकार.

भिंतीत बसणाऱ्या प्रत्येक वस्तूची रुंदी तीन जागी (खाली, मधे, वर) आणि उंची तीन जागी (डावीकडे, मधे, उजवीकडे) घ्यायची, शिवाय दोन्ही कर्ण. हे रकाने सक्तीचे ठेवा. एकच माप टाकून फॉर्म पुढे जाऊ देऊ नका. सॉफ्टवेअरने सर्वांत लहान माप धरावं आणि त्यातून ठरलेली सूट, साधारण ५ ते १० मि.मी., वजा करावी. तिन्ही मापांतला फरक १० मि.मी.च्या वर गेला तर बाजूची फट झाकणारी भरणी पट्टी आपोआप यादीत यावी. प्लॅस्टरच्या भिंती ओळंब्यात नसतात. नव्या इमारतीतही नसतात.

कटिंग लिस्टची सूत्रं : इथे घाई नको

उदाहरणाला एक साधं कपाट घेऊ. रुंदी ९००, खालच्या १०० मि.मी. स्कर्टिंगवर (जमिनीलगतच्या पट्टीवर) बसणारा सांगाडा २००० उंच आणि ५६० खोल, बोर्ड १८ मि.मी.चा प्रीलॅम (लॅमिनेट आधीच चिकटवलेला). दोन्ही बाजू पूर्ण उंचीच्या, माथा आणि तळ त्यांच्या मधे.

आतली रुंदी = ९०० − २ × जाडी = ८६४
माथा, तळ = ८६४ × ५६०, दोन नग
फळ्या = ८६४ × ५४०, तीन नग
दोन दारं, तयार माप = (९०० − ४) ÷ २ = ४४८ रुंद, २००० − ४ = १९९६ उंच
दारांचं कापायचं माप, चारही कडांना २ मि.मी. पट्टी = ४४४ × १९९२

या सूत्रांत सगळ्यात जास्त दगा देतो तो ‘जाडी’ हा शब्द. प्रोग्रामरला १८ सांगितलं की तो कोडमध्ये सरळ ३६ लिहून मोकळा होतो. पण प्लायवर बाहेरून १ मि.मी.चं आणि आतून ०.८ मि.मी.चं लॅमिनेट लावलं, आणि प्लाय मुळात १७.७ भरला, तर तयार जाडी १९.५ होते. मग आतली रुंदी ८६४ नाही, ८६१ येते. तीन मिलिमीटर कुणाला किरकोळ वाटतील, पण ड्रॉवरला ते पुरे आहेत. नेहमीच्या टेलिस्कोपिक चॅनेलला (ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्टीला) प्रत्येक बाजूला सुमारे १३ मि.मी. जागा लागते, म्हणून ड्रॉवरच्या खोक्याची बाहेरची रुंदी आतल्या रुंदीपेक्षा २६ ने कमी धरतात. ८६४ धरून खोकं ८३८ चं केलं आणि प्रत्यक्षात आत ८६१ च जागा निघाली, तर दोन्ही बाजूंना मिळून २३ उरतात. ड्रॉवर आत जातच नाही. फिटिंगला गेलेला माणूस मग रंधा काढतो आणि लॅमिनेट उडतं.

म्हणून जाडी हा मालाच्या नोंदीतला आकडा असावा, आणि माल गाळ्यात आल्यावर व्हर्नियरने मोजून तो दुरुस्त करता यावा. सूत्रांत १८, ३६, २६, ४ असे आकडे थेट लिहू नका. जाडी, चॅनेलची जागा, दारांमधली फट, पट्टीची जाडी अशा नावांनी ते एका तक्त्यात ठेवा. एजबँड मशीनला कड आधी छिलणारा कटर असेल तर तो किती खातो, तेही त्याच तक्त्यात.

हार्डवेअरही सूत्रानेच काढायचं. दाराच्या उंचीवरून बिजागऱ्या : ९०० मि.मी. पर्यंत २, १६०० पर्यंत ३, २००० पर्यंत ४, २४०० पर्यंत ५. आपल्या उदाहरणातल्या कपाटाला दोन दारांना ४ प्रमाणे ८. दार रुंद किंवा आरसा लावलेलं असेल तर एक वाढवायची, कारण इथे वजन मोजलं जातं. बिजागरीचा प्रकार दार बाजूला पूर्ण झाकतं, अर्धं झाकतं की आत बसतं यावरून ठरतो, गाळ्याच्या भाषेत ० क्रँक, ८ क्रँक, १६ क्रँक. एका बाजूवर दोन कपाटांची दारं येतात तिथे ८ क्रँक लागतात. हाताने केलेल्या यादीत हीच चूक वारंवार होते, कारण यादी करणारा कपाट सुटं बघतो, रांग बघत नाही. सॉफ्टवेअरमध्ये ‘शेजारी कोण’ हा रकाना ठेवला की प्रश्न मिटतो.

शीट किती लागतील : क्षेत्रफळावर विसंबू नका

उदाहरणातल्या कपाटाच्या १८ मि.मी. पार्टचं क्षेत्रफळ सुमारे ६.३८ चौरस मीटर भरतं. आठ बाय चार फुटी शीट २४४० × १२२० मि.मी.ची, म्हणजे २.९८ चौरस मीटर. भागाकार २.१४. पंधरा टक्के घट धरली तर २.४६, म्हणजे तीन शीट. कोटेशन असंच लागतं.

आता प्रत्यक्ष मांडून बघा. चारही कडा १०-१० मि.मी. छाटल्या की २४२० × १२०० उरतात, पात्याची खाच ४ मि.मी. पहिल्या शीटवर दोन बाजू बसतात. तिसरीवर दोन दारं, तीही वेगळ्या रंगात. उरले माथा, तळ आणि तीन फळ्या. लाकडाची रेषा शीटच्या लांबीतच ठेवायची म्हटलं तर दुसऱ्या शीटवर प्रत्येक पट्ट्यात दोन असे चारच तुकडे बसतात. पाचव्यासाठी चौथी शीट फोडावी लागते! एक तुकडा आडवा फिरवायची मुभा दिली तर चार तुकड्यांनंतर लांबीत ६८४ मि.मी. उरतात आणि पाचवा तिथे आरामात मावतो. एका होय-नाहीच्या रकान्यावर अख्खी शीट वाचते किंवा जाते.

म्हणून प्रत्येक पार्टला ‘फिरवता येतो का’ हा रकाना हवाच. लाकडी रेषेच्या लॅमिनेटच्या दारांना उत्तर नाही. पांढऱ्या आतल्या पार्टना होय, पण प्लाय असेल तर फळी फिरवू नका. वरच्या पापुद्र्याची रेषा आडवी गेली की फळी लांबीत कमी ताकदीची होते आणि ८६४ च्या अंतरावर कपड्यांच्या ओझ्याने झोल खाते. फिरवायचाच तर माथा फिरवा, त्यावर ओझं नसतं.

खोली ६०० ठेवण्याच्या सवयीकडेही इथेच लक्ष जातं. ६०० चे दोन पट्टे आणि मधली ४ ची खाच मिळून १२०४ होतात, आणि छाटलेली शीट १२०० ची. एका शीटमधून एकच पट्टा निघतो. खोली ५९५ केली की दोन निघतात. असा प्रसंग आला की कोटेशन देणाऱ्याला पडद्यावर सूचना दिसावी. सूचना हं, परस्पर बदल नको.

मांडणीचा प्रोग्राम पहिल्या टप्प्यात स्वतः लिहू नका. पार्टची यादी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) काढा आणि तयार कटिंग ऑप्टिमायझरला द्या. पुढे लिहायचाच झाला तर एक अट प्रोग्रामरला आधीच सांगा : पॅनल सॉचा प्रत्येक काप या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो. मधेच थांबणारा काप पडद्यावर सुंदर दिसतो, मशीनवर जमत नाही.

उरलेल्या तुकड्यांचा साठा ठेवावा, पण सगळ्यांचा नाही. ३०० × ६०० च्या खालचा तुकडा नोंदवू नका. त्याची नोंद ठेवायचा वेळ त्याच्या किमतीपेक्षा महाग पडतो.

कोटेशन, आवृत्ती आणि ‘गोठवलेली’ ऑर्डर

दर मालाच्या तक्त्यात तारखेसह ठेवा : कोणत्या तारखेपासून किती. कोटेशन तयार झालं की त्यातले दर त्या कोटेशनमध्येच उतरवून घ्या, जोडून ठेवू नका. नाहीतर मे महिन्यात प्लायचा दर बदलला की फेब्रुवारीचं कोटेशन उघडताच वेगळीच रक्कम दाखवतं आणि ग्राहकासमोर शोभा होते.

प्रत्येक बदलाला आवृत्ती क्रमांक द्या : २४७-१, २४७-२. ग्राहकाने कोणती आवृत्ती मान्य केली, कधी, आणि त्याचा पुरावा काय (सही केलेल्या ड्रॉइंगचा फोटो किंवा व्हॉट्सॲप संदेशाचं चित्र) हे त्या आवृत्तीला जोडा. मान्यता आणि आगाऊ रक्कम दोन्ही आल्याशिवाय कटिंग लिस्ट छापताच येऊ नये. छापल्यावर ती ऑर्डर गोठते. नंतरचा बदल नव्या आवृत्तीतच, आणि कापून झालेले पार्ट त्यात लाल दिसावेत. ‘वहिनींना तिसरा कप्पा थोडा उंच हवाय’ असा फोन आला की त्याचा खर्च किती, हे फोन चालू असतानाच सांगता येतं.

जीएसटीच्या दृष्टीने मालाच्या विक्रीवरील आगाऊ रकमेवर कर भरावा लागत नाही, वर्क्स कॉन्ट्रॅक्टसारख्या (जागेवर बांधून द्यायच्या कंत्राटासारख्या) सेवेवर लागतो. तुमचं काम कशात मोडतं हे आपल्या सीएला विचारून ठरवा. सॉफ्टवेअरमध्ये आगाऊ पावतीला फक्त एक ‘प्रकार’ रकाना ठेवा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखावरचा माल निघताना ई-वे बिलाची (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्याची) आठवण करून देणारी सूचना तेवढी जोडा, बिल बनवायचं काम टॅलीकडेच राहू द्या.

लेबल : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी भाग

एका किचनमध्ये शंभरावर पार्ट सहज होतात आणि त्यातले बरेच डोळ्याला सारखे दिसतात. प्रत्येक पार्टवर ५० × २५ मि.मी.चं लेबल हवं. त्यावर एवढंच :

२४७-२ / कपाट १ / डावी बाजू
२००० × ५६०
पट्टी : एक लांब कड

आणि कोपऱ्यात एक क्यूआर कोड. त्यात पार्टचा क्रमांक सोडून काही भरू नका. कोड जितका भरगच्च, तितका धुळीत वाचायला अवघड.

थर्मल लेबल प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसते, म्हणून लेबल चित्र म्हणून पाठवा. पीडीएफ काढताना साध्या लायब्ररीत जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. एचटीएमएलवरून वीझीप्रिंट या लायब्ररीने पीडीएफ काढली तर हा त्रास होत नाही. गाळ्यातले बरेच कारागीर राजस्थान किंवा उत्तर प्रदेशातले असतात. देवनागरी त्यांनाही वाचता येते, पण ‘डावी-उजवी’वर अडायला नको म्हणून बाजूला कपाटाचं छोटं रेखाचित्र काढून तो पार्ट काळा भरा.

लेबल आतल्या बाजूला, पुसलेल्या पृष्ठभागावर लावायचं. प्लायच्या भुशावर लावलेलं दुपारपर्यंत जमिनीवर पडलेलं असतं. लॅमिनेटच्या संरक्षक फिल्मवर लावलेलं फिल्मबरोबर निघून जातं.

गाळ्यातली नोंद : एक स्कॅन, एक बटण

टप्पे सहाच ठेवा : कटिंग, पट्टी, ड्रिलिंग, जोडणी, साइटवर, फिटिंग पूर्ण. ‘किती टक्के काम झालं’ असा रकाना ठेवू नका, त्यात नेहमी ८० लिहिलेलं सापडतं. कटिंग आणि पट्टीची नोंद पार्टवर, पुढची अख्ख्या कपाटावर. पासवर्ड, नाव आणि तारीख प्रत्येक वेळी टाकायला लावलं तर तिसऱ्या दिवशी नोंदी बंद पडतात. एक जुना फोन कटिंगजवळ आणि एक पट्टीजवळ टांगून ठेवा, प्रत्येक फोन त्याच्या टप्प्याशी कायमचा जोडलेला. ग्लोव्ह काढायला लागू नये इतकं मोठं बटण.

कशात बनवायचं आणि प्रोग्रामरशी काय ठरवायचं

जँगो (वेब प्रोग्रामचा तयार सांगाडा) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) ही जोडी या कामाला पुरेशी आणि साधी. जँगोचे तयार ॲडमिन पडदे माल, दर, ग्राहक यांसाठी जवळपास तसेच वापरता येतात, मेहनत सूत्रांवर करता येते. तक्ते ढोबळमानाने असे : ग्राहक, ऑर्डर, आवृत्ती, वस्तू, पार्ट, माल, दर, हार्डवेअर, पावती, नोंद. मोबाइल ॲप नको, ब्राउझरच पुरतो.

गाळ्यात इंटरनेट भरवशाचं नसेल तर एक छोटा संगणक यूपीएससह तिथेच ठेवा आणि रोज रात्री बॅकअप बाहेर पाठवा. तुमच्या भागात ठरलेल्या वारी वीज बंद राहत असेल तर बॅकअपची वेळ आणि वार बघून लावा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

एक अनुभवी प्रोग्रामर असेल तर मापं, सूत्रं, यादी आणि लेबल एवढा पहिला टप्पा दीड-दोन महिन्यांत उभा राहायला हवा. पैसे टप्प्याने द्या, आणि ‘पूर्ण’ची व्याख्या आकड्यात लिहा : जुन्या दहापैकी दहा ऑर्डरींची कटिंग लिस्ट मिस्त्रीच्या लिस्टशी जुळली, किंवा जिथे जुळली नाही तिथे कोण बरोबर हे दोघांनी सही करून ठरवलं. मिस्त्रीही चुकलेला निघतो, त्याची तयारी ठेवा. सोर्स कोड, डेटाबेस आणि सर्व्हरचे पासवर्ड मालकाच्या ताब्यात असतील हे करारात सुरुवातीलाच लिहून घ्या.

चालू करताना

पहिल्या तीन नव्या ऑर्डरी वहीत आणि सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे करा, आणि कापायचं वहीप्रमाणेच. दोन्ही याद्या ओळीने ताडा. चौथीपासून सॉफ्टवेअरप्रमाणे कापा, पण मिस्त्रीला कोणताही आकडा हाताने बदलता आला पाहिजे, कारण लिहून. ‘बीम आहे’, ‘ग्राहकाचा जुना फ्रीज’, ‘पाइप’ अशी कारणं महिनाभर वाचलीत तर पुढचा कोणता रकाना वाढवायचा ते कळतं. बदल करायला मज्जाव केला तर तो वहीकडे परत जातो आणि पडद्यावरची यादी शोभेची उरते.

त्या दहा जुन्या ऑर्डरी चाचणी म्हणून कोडसोबत कायमच्या ठेवा. कुणी एखादं सूत्र दुरुस्त केलं की दहाही याद्या आपोआप पुन्हा निघाव्यात आणि जुन्यांशी ताडल्या जाव्यात. फरक आला आणि तो का आला हे कुणाला सांगता येत नसेल, तर ती दुरुस्ती गाळ्यातल्या संगणकावर चढवू नका.